माळेगावला वितळलेला बर्फ

मी देवाशी बोलणं टाकलं होतं. भूकंपात आमचं औसा तालुक्यातलं घर पडलं तेव्हा मी नऊ वर्षांची होते. आईने मला दगडमातीतून ओढून काढलं; बाबांना काढता आलं नाही. त्यानंतरही आई दर रविवारी खंडोबाला भंडारा वाहत राहिली. मी मात्र पुन्हा हात जोडले नाहीत. आईने कधी जबरदस्ती केली नाही, पण तिची ती न ढळणारी श्रद्धा पाहून मला तिचाच राग यायचा.

पुढे लातूरला शिकले आणि तिथेच एका क्लासमध्ये जीवशास्त्र शिकवू लागले. डॉक्टर व्हायला गावोगावहून आलेली मुलं समोर बसायची. मी फळ्यावर मोठ्या आतड्याची आकृती काढत असे आणि माझंच आतडं आतून सोलून निघत असे. दिवसातून दहा-पंधरा वेळा शौचाला पळावं लागे, प्रत्येक वेळी रक्त. एकदा तर खडू हातात घेऊनच धावले. गोळ्या झाल्या, स्टेरॉइड झाले. चेहरा सुजला, रक्त काही थांबेना. नातेवाइकांनी निकाल देऊन टाकला की कुळाचार सोडला, त्याचे हे भोग. औषधं बंद कर आणि अंगारा लाव, असं एका मावशीने घरी येऊन सांगितलं. मी तिला तोंडावर म्हणाले, "मी औषधं घेणार. आणि भीतीपोटी कुणाच्याही पाया पडणार नाही." आई तिथेच बसली होती.

नांदेडच्या डॉक्टरांनी शेवटी शिरेतून द्यायचं औषध सुचवलं. माझ्या शरीराची संरक्षण करणारी शक्तीच आतड्यावर उलटली होती, तिला आवरणारं ते औषध. सुरुवातीला तीन वेळा घ्यायचं होतं. दोनदा घेऊन थोडाच फरक पडला होता. "तिसऱ्यानंतरही रक्त थांबलं नाही, तर आतडं काढण्याचा विचार करावा लागेल," डॉक्टर म्हणाले होते. औषध लातूरच्या दुकानात बाहेरून मागवावं लागे आणि नांदेडला नेईपर्यंत थंडच ठेवावं लागे. तिसऱ्या वेळच्या बाटल्या हाती यायला दोन आठवडे वाट पाहिली होती.

एप्रिलमध्ये मी आणि आई बर्फाच्या डब्यात त्या बाटल्या घेऊन एसटीने निघालो. अहमदपूर मागे पडलं आणि माळेगावजवळ गाडीच्या इंजिनातून वाफ निघू लागली. कंडक्टर म्हणाला, "दुसरी गाडी येईस्तोवर थांबा." ऊन असं की डांबर चपलेला चिकटत होतं. आईने खंडोबाच्या देवळाकडे पाहिलं. आधीच्या दोन्ही खेपांना इथून जाताना तिने उतरायचं नाव काढलं होतं, दोन्ही वेळेस मी नाही म्हटलं होतं.

"सावलीला तरी चल, बाई."

"तू जा. मी पायरीवर बसते."

दोन तास गेले. डबा उघडला तर आत नुसतं पाणी. बर्फाचा एक खडाही उरला नव्हता. चौकातल्या दुकानात विचारलं, तर वीज गेलेली, फ्रिज बंद. मी पायरीवर परत आले आणि इतक्या वर्षांचं तुंबलेलं सगळं बाहेर पडलं. गाभाऱ्याकडे बघून मोठ्याने बोलले, "बाबांना नेलंस तेव्हा मी लहान होते, भांडता आलं नाही. आता भांडते. तुला माझं आतडं हवं असेल तर घे, पण मी रडून मागणार नाही. ऐकतोयस का?" दोन-चार माणसं वळून बघू लागली. मला कुणाचीच लाज वाटली नाही.

तेवढ्यात बाजूच्या कट्ट्यावरून एक बाई उठून आल्या. खांद्याला निळा डबा, पांढरी साडी, घामाने डबडबलेला चेहरा. पलीकडच्या वस्तीवर बाळांना लशी टोचून आलेल्या नर्सबाई होत्या.

"ताई, देवाला नंतर भांडा. आधी डबा दावा. इंजेक्शन हाय का त्याच्यात?"

मी मान हलवली. त्यांनी बाटली हातात घेऊन वरचं लिहिलेलं वाचलं. स्वतःचा निळा डबा उघडून बर्फाच्या चार गच्च पट्ट्या काढल्या. "माझ्या लशी संपल्या आज. ह्या घ्या तुमाला." मग आईचा पदर मागितला. "बाटली बर्फाला टेकू द्यायची न्हाई. गोठली तरी वाया जाती." आईने क्षणाचाही विचार न करता नव्या लुगड्याचा पदर टरकावला. नर्सबाईंनी बाटल्या त्यात गुंडाळल्या, जशी बाळं बाळुत्यात गुंडाळतात तशा. डबा मी अजून दोन्ही हातांनी घट्ट धरला होता. त्या म्हणाल्या, "सोडा तुमी. माझ्या हाती द्या." आणि मी डबा सोडला. आजारी पडल्यापासून कुणाच्या हाती काही सोपवलं नव्हतं, ते त्या दिवशी सोपवलं. गाडी आली तेव्हा घाईत त्यांचं नावही विचारायचं राहिलं.

नांदेडला डॉक्टरांनी बाटल्या नीट तपासल्या आणि सलाईन लावलं. तीन तास थेंब थेंब औषध शिरत होतं. आई उशाशी फाटक्या पदराने बसली होती. महिनाभराने रक्त थांबलं. आजार गेला नाही, औषध आजही चालू आहे. पण आतडं माझंच आहे, माझ्याजवळ आहे. त्या बाई देवाने धाडल्या की आठवड्याच्या फेरीला आल्या होत्या, हे मला ठरवता येत नाही आणि ठरवायचंही नाही. एवढं कळलं की शरण जाणं म्हणजे हार मानणं नव्हे. औषध सोडणं तर नव्हेच. भांडता भांडताही कुणाच्या तरी हाती आपलं ओझं सोपवता येतं.

त्याच खेपेला नांदेडहून परतताना माळेगाव आलं, तेव्हा आईने उतरायचं नाव काढलं नाही. मीच कंडक्टरला घंटी वाजवायला सांगितली. देवळात जाऊन उभी राहिले. मनगटाच्या शिरेवर अजून सुईची पट्टी होती, हात जोडताना कळ आली. तरी जोडले.