पडायला शिकलेल्या वन्सं

मी या घरात नवी होते तेव्हाची गोष्ट. आत भांडी विसळत होते आणि बाहेरच्या खोलीत सासरे थोरल्या नणंदेवर तापले होते.

"ज्युदो शिकतेस म्हणे! कुणाचं टाळकं फोडणार आहेस?"

"कुणाचंच नाही, बाबा. अजून पडायलाच शिकवतायत."

"पडायला शिकवणी? ते तर रांगत्या पोरालाही येतं!"

"पोरालाच येतं. मोठेपणी विसरतो, म्हणून तर हाडं मोडतात."

मला हसू आवरेना. हातातली काचेची वाटी निसटून फुटली.

"बघा," वन्सं म्हणाल्या, "त्या वाटीलाही शिकवायला हवं होतं."

सासरेही हसले. तिथेच हरले म्हणायचे.

दिवसभर लाँड्रीत इस्त्री आणि संध्याकाळी वर्ग, असं वन्संचं सुरू झालं. बेकरीवाल्याची मुलगी त्यांची जोडीदारीण. कॉलर धरून एकीनं पाडायचं, दुसरीनं तळहात गादीवर आपटत पडायचं, म्हणजे मार वाटून जातो. मग उठून दोघींनी वाकायचं. तेव्हा वन्सं घरी यायच्या त्या गाणं गुणगुणतच.

पुढे बेकरीवाला बिऱ्हाड घेऊन दूरदेशी गेला. मुलगी जाताना आपला ज्युदोचा जाड पांढरा डगला वन्संकडे देऊन गेली. "धुऊन ठेव गं, येतेच मी." ती कुठली येतेय!

वन्संनी वर्ग सोडला नाही. गल्लीतल्या पोरींना पडायला शिकवून शिकवून त्या सगळ्यांच्या पडूआत्या झाल्या. वर्गात शिरताना वाकायची सवय इतकी मुरली की लाँड्रीच्या दारातही वाकायच्या. मालकाला वाटे, आपल्यालाच मान देते. मग तो ओरडायला लागला की या टाचा रोवून शांत उभ्या. ओरडून ओरडून दमायचा बिचारा.

पण जोडी पुन्हा जमली नाही. "पोरी मला म्हातारी समजून हळू धरतात हो, वहिनी. ती कशी धरायची! घट्ट."

मलाही पलंगावरची गादी खाली घालून शिकवलं. "पोत्यासारख्या कोसळू नका, पडा!" परवा न्हाणीत घसरले, तर हात आपोआप फरशीवर फट्ट! खुबा शाबूत. बसल्या जागेवरून ओरडले, "वन्सं, जमलं!" आता ओ कोण देणार?

मागच्या रविवारी पहाटे वन्सं गेल्या, झोपेतच. आदल्या संध्याकाळी नेहमीसारखे वर्गाचे डगले धुऊन, इस्त्री करून पोचवायला निघाल्या. त्यांचा गुडघा दुखत होता, म्हणून मी सोबत गेले. दारात वाकल्या. एकेक डगला खुंटीला अडकवला. सगळ्यात शेवटी बेकरीवालीचा. त्याची कॉलर दोन्ही मुठींत घट्ट धरून जराशा थांबल्या. मग सोडली आणि पडलेली चुणी तळहातानं सारखी केली.

"आता कशाला हो, वन्सं? ती काय येतेय!"

"आली तर चुरगळलेला घालेल का?" म्हणाल्या, दिवा बंद केला आणि वाकून बाहेर आल्या.