स्टेशनपर्यंतचा इतिहास

आमच्या घरमालकांबरोबर घरून निघून ठरलेली गाडी पकडलेला माणूस अजून जन्माला यायचा आहे. स्टेशनची वाट दहा मिनिटांची, पण प्रत्येक झाडाची कुळकथा सांगितल्याशिवाय त्यांचं पाऊल पुढे पडत नसे. सत्तर सालच्या सुमारास बँकेने मला कलकत्त्याला धाडलं. शहरात जागा मिळेना, म्हणून बराकपूरच्या अलीकडे, तळी आणि बांबूच्या बेटांत दडलेल्या एका उपनगरात आम्ही बिऱ्हाड थाटलं. संध्याकाळी अंगणापर्यंत कोल्हेकुई ऐकू यायची. सकाळी मला कलकत्त्याला जाणारी सियालदाची गाडी गाठायची असे आणि फाटकाशी घरमालक उभे असत.

हा आंबा कुणा शौकीन बाबूच्या बागबंगल्यातला. बंगला त्याने कबुतरांच्या शौकापायी घालवला. तो फणस फाळणीनंतर पूर्वेकडून आलेल्या एका विधवेने पदराला बी बांधून आणलेला. या तळ्यात एका साहेबाची घोडागाडी बुडाली. घोडा वाचला, साहेब वाचला, टोपी मात्र अजून तळाशी आहे. सव्वादोनशे वर्षांपूर्वी मराठी घोडेस्वार बंगालवर चालून आले, त्याचा जाबही ते मलाच विचारत. "तुम लोग आया क्यों था, बोलो तो?" मी म्हणायचो, "वरून हुकूम आला असेल." बँकेतल्या माणसाचं हे उत्तर त्यांना पटत असे. माझी बायको मात्र वैतागायची. त्यांच्या वाटेत सापडायला नको म्हणून ती मागच्या दाराने बाजारात जाई.

तिचे दिवस भरले आणि नेमका त्याच दिवशी बंद पुकारला गेला. सकाळीच कळा सुरू झाल्या. रिक्षा नाही, रस्ते अडवलेले, आणि डॉक्टरीणबाई रुळांपलीकडे. घरमालकांनी वेताची खुर्ची आणली, बायकोला सूनबाई म्हणावं तसं म्हणाले, "डरो मत, बौमा," आणि मागच्या कुंपणातून थेट शेजारच्या बागेत शिरले. बायकोला खुर्चीत बसवून, ती उचलून मागून मी आणि त्यांचा माळी. कुणाची मागची कडी कशी निघते, कोणत्या तळ्याचा काठ खचलेला, सगळं त्यांना पाठ. घराघरांतून माणसं बाहेर येऊन वाट करून देत होती. एका जुन्या वडापाशी मी सवयीने थबकलो, तर ते माझ्यावर ओरडले, "चोलो, चोलो! ये पेड़ कहीं नहीं भागेगा!" संपूर्ण वाटेत इतिहासाचं एक अक्षर त्यांनी काढलं नाही. आम्ही पोचलो आणि अर्ध्या तासात मुलगी झाली. त्या माणसाचे उपकार मी कसे फेडणार होतो!

आठवड्याने बाळाला घेऊन परतताना त्यांनी रिक्षा झाडाझाडाशी थांबवली आणि सगळा इतिहास बाळाला पहिल्यापासून सांगितला. बायको तान्हीला मांडीवर घेऊन निमूट ऐकत होती.

पुढे बदली झाली. मुलगी आता विचारते, "बाबा, मी जन्मले ते गाव कसं होतं?" मी उत्साहाने सांगायला लागतो आणि दुसऱ्या-तिसऱ्या झाडाशीच अडखळतो. घरमालक इतकं जीव तोडून सांगत होते, तेव्हा मी घड्याळाकडे बघत होतो.