बादल्यांमधलं वावर

समोरच्या गच्चीवरची पोरगी एमआयडीसीतून आली की हेल्मेट काढते आणि वावरात जाते. वावर म्हणजे रंगाच्या रिकाम्या बादल्यांत माती भरून केलेलं शेत. तिचं नाव मी अजून विचारलेलं नाही.

काल तिचे पहिले मूग निघाले, ओंजळभर. सूप घेऊन ती पाखडायला उभी राहिली, तीही वाऱ्याकडं तोंड करून. फोल डोळ्यांत, मूग खाली नालीत.

"वाऱ्याला पाठ दे गं, बियाला तरी राहू दे," मी इकडून ओरडले.

"आजी, तुम्हाला येतं पाखडायला?"

मला? भोकरदनहून नवरी होऊन जालन्यात आले, तेव्हा सासूबाईंना ठणकावून सांगितलं होतं, सूप कसं धरतात तेच मला ठाऊक न्हाई. महाराणीला शहरवाली व्हायचं होतं.

"गावाकडं शेत आहे का गं तुझं?" मी विषय बदलला.

"न्हाई आजी. पण कधी झालंच, तर हात तयार पाहिजेत."

मंग ती पाठमोरी होऊन हळूहळू पाखडत राहिली. उतरत्या उन्हात फोल गल्लीवर तरंगत गेलं आणि मूठभर मूग सुपात उरले. मी खाली पाहिलं, तर नसलेलं सूप माझे दोन्ही हात मांडीवर झुलवून राह्यले होते.

सासूबाई वरून बघत असतील, तर त्यांनी जरा तोंड फिरवावं.