फ्लोरीनची दोन दारांची गाडी

मटकीला मोड आलेत का ते मी बघत होते. आमच्याकडे मिशिगनमध्ये मार्च संपत आला तरी थंडी जात नाही, नुसती 'निघते, निघते' म्हणत दारात उभी राहते. म्हणून मटकीचं फडकं मी ओव्हनमध्ये, नुसता आतला दिवा लावून ठेवते. माझा नवरा श्रीकांत कामावर गेला होता. डिशवॉशर आपल्या लयीत घरघरत होतं. तेवढ्यात दारावर टकटक झाली, आणि तीही पुढच्या दारावर.

आमच्या गल्लीत पुढचं दार म्हणजे नाताळात हिरवं कडं अडकवायची जागा. शेजारीपाजारी येतात ते बाजूच्या दाराने, थेट स्वयंपाकघरात, बुटांसकट. पुढे येतो तो एक तर छप्पर दुरुस्त करून देणारा, नाही तर स्वर्गाचा रस्ता सांगणारा. मी हात पुसत दार उघडलं, तर लेन वोयतास. शेजारच्याच घरातले. चर्चला घालायचा करडा कोट, गुळगुळीत दाढी, आणि एरवी झोपतानाही काढत नसतील असं वाटणारी टोपी चक्क हातात.

"बाजूचं दार बंद आहे का?" मी विचारलं.

"उघडंच आहे. पण आज मी कामासाठी आलोय. आत घेतेस, की इथेच बूट आपटत उभा राहू?"

मी त्यांना आत घेतलं. काम काय ते काही त्यांनी सांगितलं नाही. खुर्चीवर बसले, टोपी गुडघ्यावर ठेवली आणि ओव्हनमधल्या दिव्याकडे बघत राहिले.

त्या दिवशी त्यांची गाडी जाणार होती, हे सगळ्या गल्लीला माहीत होतं. पंच्याण्णव सालची एल्डोराडो कूपे, पिकल्या जांभळाच्या रंगाची. पुढचं नाक एवढं लांब की गाडी वळताना नाक आधी वळायचं आणि माणसं मागाहून. दारं दोनच, पण एकेक दार आपल्याकडच्या बंगल्याच्या फाटकाएवढं; शेजारी कुणी गाडी चिकटवून लावली की पोट आत ओढून, कडेने सरकत बाहेर यावं लागे. उन्हाळ्यात लेन पेट्रोल भरायला थांबले की कुणी ना कुणी अनोळखी माणूस येऊन छताला हात लावायचाच. "माझ्या काकांकडे होती हो. पांढरी. विकली आणि आजवर हळहळतात." मग लेन त्याचं सगळं ऐकून घेत. अशी माणसं इथे घरोघर आहेत. नव्वदच्या दशकात एकदा हातात आलेली ती मोठी, मऊ, दोन दारांची गाडी त्यांच्या बोलण्यात एखाद्या मोडलेल्या सोयरिकीसारखी येते. लेनची मात्र अजून गॅरेजात होती.

पण जानेवारीत परवान्याच्या नूतनीकरणाला गेले तेव्हा खिडकीतल्या बाईंनी त्यांना अक्षरं वाचायला सांगितली. लेननी कडेची वाचली. मधली दिसेनात. डोळ्यांच्या बरोबर मध्यावर धुकं धरलंय, ते आता हटायचं नाही, असं डॉक्टर म्हणाले. परवाना गेला. अ‍ॅरिझोनातून मुलीचे फोन सुरू झाले आणि अशाच गाड्या जमवणारा एक माणूस ओहायोतून, म्हणजे मिशिगनशी जुनी चुरस असलेल्या शेजारच्या राज्यातून, ट्रेलर आणून गाडी घ्यायला तयार झाला.

"किती वाजता येतोय तो?" चहा टाकता टाकता मी विचारलं.

"अकरा म्हणालाय. ओहायोला एक वेळ मुलगी द्यावी वृंदा, गाडी देऊ नये. फ्लोरीन असती तर मलाच ट्रेलरमध्ये घालून पाठवलं असतं." मग चहाचा वास घेऊन म्हणाले, "यात पुन्हा ते औषध टाकलंस ना?"

"आलं आहे."

"तेच ते."

फ्लोरीन त्यांची बायको. घराच्या तळघरात बायकांचे केस करायची. ती जाऊन आता बरीच वर्षं झाली, तरी गाडीचं दार उघडलं की कातड्याच्या वासामागून तिच्या केसांच्या फवाऱ्याचा वास हळूच डोकावतो. मी एकदाच त्या गाडीत बसले आहे, गॅरेजातल्या गॅरेजात. तेव्हापासून एक प्रश्न माझ्या मनात होता. लेननी उभं आयुष्य गाड्यांच्या दुसऱ्याच कंपनीत काढलं. कारखान्यात त्यांचं काम दारं बसवण्याचं, आणि तीही तशाच मोठ्या कूपेची. मग घरात प्रतिस्पर्धी कंपनीची गाडी आली कशी? या भागात माणूस एक वेळ धर्म बदलेल, गाडीची कंपनी बदलत नाही. बाप जिथे कामाला, त्या कंपनीची गाडी नातवंडंही चालवतात. आज ना उद्या विचारू म्हणत राहिले होते. आज विचारलं.

"तिच्यामुळे," लेन म्हणाले. "तीन पोरं. इतकी वर्षं मागच्या सीटवर ओले टॉवेल, हॉकीच्या काठ्या, कुणाला तरी झालेली उलटी. धाकटा कॉलेजला गेला, त्याच रात्री जेवताना म्हणाली, लेन, मला आता चार दारं नकोत. चार दारं असली की मागे कुणी तरी येऊन बसतंच."

"मग तुमच्याच कंपनीची घ्यायची. दोन दारांचीच होती ना?"

"मीही तेच म्हटलं. कामगारांना सवलत, शिवाय दार मी स्वतः बसवलेलं. तर म्हणाली, म्हणूनच नको. चर्चपर्यंत तू दाराला कान लावून बसशील, कुठे वारा शिरतोय का म्हणून. मला शेजारी नवरा हवाय, तपासनीस नको."

मला हसू आलं. लेनना नाही आलं. ते त्या जेवणाच्या टेबलाशी परत जाऊन बसले होते.

कारखान्याला दोन पार्किंग होती. फाटकाजवळचं कंपनीच्या गाड्यांसाठी, आणि रेल्वेच्या रुळांपलीकडचं बाकी सगळ्यांसाठी. त्या पलीकडच्याला कामगार 'परदेश' म्हणत. लेन एरवी कंपनीचाच जुना ट्रक नेत. पण उन्हाळ्यातल्या शुक्रवारी फ्लोरीन सुट्टीच्या वेळेला बसने कारखान्यापाशी येई आणि दोघं तिथूनच परस्पर उत्तरेला जात, तळ्याकाठी तळलेले मासे खायला, म्हणून त्या दिवशी कूपे न्यावी लागे. रूळ ओलांडायचे, मग सगळं जवळचं पार्किंग पायी तुडवायचं, दोन्ही बाजूंना ओळखीची माणसं डबे घेऊन उभी.

"काय म्हणायचे?"

"पासपोर्ट आणलास का लेन? तिकडे काय खातात रे? बायकोला आमचा नमस्कार सांग, गाडीला नको." लेननी चहाचा घोट घेतला. "परके परवडले. भाऊ परवडला नाही."

भाऊ म्हणजे थोरला रेमंड, युनियनचा पदाधिकारी. गाडी घेतल्यानंतरच्या पहिल्या ईस्टरला सगळे त्याच्याकडे जेवायला. लेननी गाडी ड्राइव्हवेत घातली, तर रेमंड सुरी हातात घेऊनच बाहेर आला. आत हॅम कापत होता.

"रस्त्यावर लाव ती. माझ्या ड्राइव्हवेवर तेल सांडेल."

"अरे नवी आहे, रे."

"मग माझी अब्रू सांडेल. रस्त्यावर लाव."

लेननी रस्त्यावर लावली. फ्लोरीन खाली उतरलीच नाही. गाडी आत येत नाही तर मीही येत नाही म्हणाली. शेवटी रेमंडची बायको ताट वाढून बाहेर घेऊन गेली आणि गप्पा मारता मारता तिथेच बसली. पुढच्या ईस्टरला त्या दोघी न ठरवता गाडीतच जेवल्या, आणि मग तो रिवाजच पडला. आत पुरुष तत्त्वं सांभाळत बसलेले, बाहेर रस्त्यावर दोन जावा मांडीवर ताटं घेऊन हसताहेत.

"कधी पश्चात्ताप नाही झाला?" मी विचारलं.

"व्हायचा की. रूळ ओलांडून चालत असायचो तोवर व्हायचा. सुट्टी झाल्यावर परत येऊन गाडीत बसलो की जायचा." मग म्हणाले, "तिकडून सगळे मला हसत होते. पण गाडी पुसायला फडकं हवं का म्हणून विचारायला, कुणी बघत नाहीसं बघून, त्यातलेच दोघे-तिघे परदेशात येऊन गेले. एकाने तर आत बसून दार लावून घेतलं. उतरेचना."

साडेदहा होत आले होते. काम काय, ते अजून कळत नव्हतं. कोट घालून आलेला माणूस नुसता चहा प्यायला येत नाही. मी कोटाच्या खिशाकडे पाहिलं. किल्लीचा उंचवटा दिसत होता. मग माझं मीच ठरवून टाकलं, आणि ते ठरवताना मला जरा भरूनही आलं.

"लेन, तो यायला वेळ आहे," मी म्हटलं. "मी चालवते. तुम्ही शेजारी बसा. शाळेपर्यंत एक चक्कर मारून येऊ."

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी दूध नासवलं.

"बाहेर बघ."

बाहेर रस्ता पांढराफटक होता. बर्फ नव्हता, मीठ होतं. हिवाळाभर बर्फ वितळवायला टाकलेलं. या मिठाने गाड्या खालून कुरतडल्या जातात. म्हणून लेनची कूपे नोव्हेंबरात झाकायची, ती वसंतातले दोन दणदणीत पाऊस होऊन रस्ते धुऊन निघाल्याशिवाय उघडायची नाही. पावसानंतर लेन रस्त्यावर वाकून डांबरावर बोट फिरवत आणि जिभेला लावत. खारट लागलं की पुन्हा आत.

"पाऊस झालेला नाही," ते म्हणाले. "तीस वर्षांत तिच्या पोटाला मीठ लागू दिलं नाही. आता जाता जाता लावू?"

"पण ट्रेलर तर याच रस्त्याने नेणार ना?"

"बंद ट्रेलर आहे. चारी बाजूंनी बंद असेल तरच ये, नाही तर उन्हाळ्यात ये, म्हटलं त्याला."

माझा अंदाज साफ चुकला होता. मी कप उचलले. आमच्या गाडीचं नाव लेननी 'शिवणयंत्र' ठेवलं आहे. जपानी आहे, श्रीकांतही त्यांच्याकडेच कामाला. इतक्या वर्षांच्या शेजारात लेन तीत एकदाही बसलेले नाहीत. परवाना गेल्यावर मी किती वेळा म्हटलं, डोळ्यांच्या डॉक्टरकडे सोडते. दर वेळी म्हाताऱ्यांच्या व्हॅनची वाट बघत थंडीत कोपऱ्यावर उभे राहिले, आणि मी शेजारून गेले तर हात हलवला.

गल्लीच्या तोंडाशी मोठा पांढरा ट्रेलर येऊन थांबला. वेळ व्हायची होती, म्हणून तिथेच थांबला असावा. लेनना तो मधोमध दिसला नसणार. मान वाकडी करून, डोळ्याच्या कडेने त्यांनी तो शोधला.

"आला," ते म्हणाले.

"मी येऊ का बरोबर? कागदांवर सह्या असतील."

"सह्या जागा दाखवली की करतो मी. माझं काम वेगळंच आहे." टोपी हातात गोल गोल फिरत होती. "तो निघाला की मला त्याच्यामागे जायचंय. हायवेला लागायच्या चढापर्यंत. पुढे नाही."

"लेन, ट्रेलर बंद आहे. मागून काय दिसणार?"

"मला तसंही काय दिसतं? आम्ही दोघं कायम आत बसून गेलो. गाडीच्या मागून कधी कुणी आलं नाही. आज तिला पोचवायला कुणी तरी असावं." त्यांनी टोपी घातली. "व्हॅन मंगळवारची असते. तुझ्या गाडीतून नेशील का मला?"