चाकाखाली लिंबाची बी

चाकणच्या कंपनी बसमध्ये पॅकिंगच्या एक ताई रोज माझ्या शेजारी बसायच्या. नाव कधी विचारलं नाही. एका सकाळी त्यांनी पिशवीतून बोटाएवढी खेळण्यातली लाल गाडी काढली, सीलबंद खोक्यातली. तशा चौदा माझ्या कपाटात आहेत, भाव चढला की विकीन म्हणून ठेवलेल्या.

"फोडू नका, ताई. सध्या भाव पडलाय, पण परत चढेल."

"दिवसभर खोकी बंदच करते, भाऊ," म्हणत त्यांनी दातांनी सील तोडलं. नव्या गाडीच्या चाकाखाली लिंबू ठेवतात. त्यांनी डब्यातल्या लिंबाची बी ठेवली आणि गाडी ऐटीत वरून नेली.

"गेली किंमत," मी हळहळलो.

"गेली ना? मग आता ती माझी झाली."

आरशात बघणाऱ्या ड्रायव्हरने लांबलचक हॉर्न दिला.

संध्याकाळी घरी पोचल्यावर मी आधी एक लिंबू चिरलं.