बाबूकाकांच्या तीन याद्या

बाबूकाकांच्या खिशात नोटांपेक्षा दुसऱ्यांच्या पोरांचे पासपोर्ट फोटो जास्त असायचे. शर्टाच्या वरच्या खिशात, प्लास्टिकच्या छोट्या पिशवीत, कुणाचे चार, कुणाचे सहा. एसटीत तिकीट काढताना एखादा फोटो खाली पडायचा आणि कंडक्टर विचारायचा, "नातू व्हय?" काका फोटोवर फुंकर मारायचे, तो बाहीला पुसायचे आणि म्हणायचे, "न्हाई, अकरावी सायन्स." त्यांच्या लेखी माणसाची एवढी ओळख पुरेशी होती. त्यांना आणि काकूंना स्वतःचं मूल नव्हतं.

त्यांचं खरं नाव मला बरीच वर्षं माहीत नव्हतं. लष्करात क्लार्कला बाबू म्हणतात, ते त्यांना जे चिकटलं ते कायमचं. पलटणीत बावीस वर्षं कागद सांभाळून ते सांगलीजवळ आमच्या आष्ट्याला परतले, आणि पहिल्याच जूनमध्ये शेजारच्या एका मुलाचं अ‍ॅडमिशन एका दाखल्यावाचून अडलेलं त्यांनी पाहिलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी घराच्या ओसरीवर टेबल टाकलं. पुढे त्या टेबलावर कॉम्प्युटर आला, प्रिंटर आला, पण टेबल काही आत गेलं नाही. आमच्या भागातली निम्मी पोरं त्या टेबलावरून कॉलेजात गेली असं म्हटलं तर ते फार वाढवून सांगितल्यासारखं होणार नाही.

नववीची परीक्षा संपली की ते मुलाची फाइल उघडायचे. इतरांची पोरं तेव्हा मामाच्या गावाला जायची, आम्ही काकांच्या ओसरीवर रांगेत बसायचो. दहावीत काय, अकरावीला गणित की जीवशास्त्र, सीईटी कधी, कुठला दाखला कुठल्या महिन्यात काढायचा, हे सगळं ते एका पुठ्ठ्यावर लिहून द्यायचे. "पुढं काय करायचं ठरवलंय?" या प्रश्नाला आमच्यातल्या बहुतेकांचं उत्तर "बघू" असं असे. त्यावर काका चष्म्यावरून बघायचे. "बघू नावाचं कॉलेज महाराष्ट्रात तरी न्हाई. यादीत सापडलं तर सांग."

कागदाला घडी घातलेली त्यांना खपत नसे. "कागद म्हंजे रायफल हाय गड्या. निगा न्हाई राखली तर ऐन टायमाला दगा देती." आमच्या वर्गातल्या एका मुलाची जात पडताळणी अडली होती. त्याच्या पणजोबांच्या शाळेची नोंद लागत होती आणि ते शिकले होते तिकडे साताऱ्याच्या बाजूला, रहिमतपूरला. काका तीनदा रहिमतपूरला गेले. तिसऱ्या खेपेला जुन्या रजिस्टरातला उतारा दोन पुठ्ठ्यांच्या मध्ये घालून, छातीशी धरून एसटीतून उभ्याने आले. बसायला जागा होती, पण बसलं की कागद वाकतो. तो मुलगा आता डॉक्टर आहे. त्याच्या आईने त्या दिवशी काकांना ओवाळलं होतं, आणि काका ताटासमोर सावधानमध्ये उभे राहिले होते.

त्यांची सगळ्यांत मोठी खोड म्हणजे तीन याद्या. कॉलेजांचा पसंतीक्रम ऑनलाइन भरण्याआधी तो हाताने लिहायला लावायचे. एकदा नाही, तीनदा. तीन वेगवेगळ्या दिवशी, आधीची यादी न बघता. आम्ही कुरकुर करायचो. ते म्हणायचे, "पयली यादी बापाची असती, दुसरी दोस्ताची. तिसरी आपली. ती आल्याबिगर मी कॉम्प्युटर चालू करत न्हाई." आणि खरंच, पोरांच्या पहिल्या आणि तिसऱ्या यादीत जमीनअस्मानाचा फरक असायचा.

माझ्या तिन्ही याद्या सारख्या निघाल्या. तिन्हींत सांगलीचं कॉलेज वर, मेकॅनिकल. पुण्याचं खाली, पाचव्या नंबरावर. काकांनी तिन्ही कागद शेजारी शेजारी ठेवले. "तिन्ही अण्णाच्याच झाल्या की गं," ते म्हणाले. त्यांनी एक कोरा कागद पुढे सरकवला, तो मी तसाच मागे सरकवला.

अण्णा म्हणजे माझे वडील. सांगली रोडला त्यांचं वेल्डिंगचं छोटं दुकान आहे. आई मी सातवीत असताना गेली, तेव्हापासून घरात आम्ही दोघंच. दुकानात बसून अभ्यास करता करता मला एक प्रश्न पडायचा: लोखंड तेच, हातही अण्णांचाच, मग एक जोड जन्मभर टिकतो आणि दुसरा महिन्यात का तुटतो? ते शिकवणारी धातुशास्त्राची शाखा सांगलीत नव्हती, पुण्यात होती. मार्कही पुरेसे होते. पण अण्णा कधी काही मागणारे नव्हेत, आणि त्यांनी काकांना एकच गोष्ट सांगितली होती. "बाबू, पोरगी सकाळच्या एसटीनं जाऊन संध्याकाळी घरला आली पायजे. सांगली पयली टाक. बाकीचं तुला काय करायचं ते कर."

दोघं पहिलीपासूनचे दोस्त होते. रोज संध्याकाळी काका दुकानासमोर पत्र्याचा डबा पालथा घालून त्यावर बसायचे, आणि एका चहाचे दोन अर्धे व्हायचे. बोलणं फारसं नसायचं. अण्णांचं वेल्डिंग चालू असलं की काका रस्त्याकडे तोंड करून बसत, तेवढंच. आई गेल्यानंतर वर्षभर अण्णा कुणाशी बोलले असतील तर ते त्या डब्यावर बसलेल्या माणसाशी.

फॉर्म कन्फर्म करण्याची काकांची एक रीत होती. पडद्याला फूटपट्टी लावून ते एकेक कॉलेज मोठ्याने वाचायचे, हजेरी घेतल्यासारखं, आणि मुलाने प्रत्येकाला "हाय" म्हणायचं. मगच बटण. आणि त्या वेळी ते खुर्ची सोडत नसत. दारात कुणीही येऊ दे. माझ्या वेळी त्यांनी सगळी यादी वाचली, मी सगळ्याला "हाय" म्हणाले, आणि ते उठले. "मी चहा टाकून येतो. परत एकदा वाच आणि कन्फर्म कर."

मी पुणं उचलून वर टाकलं आणि कन्फर्म केलं. विचार केला असता तर हात उचलला नसता. काका बऱ्याच वेळाने दोन कप घेऊन आले. चहा इतका गोड होता की घशाखाली उतरेना. प्रिंट आली. एरवी ती पुन्हा मोठ्याने वाचल्याशिवाय ते फाइलला लावत नसत. त्या दिवशी त्यांनी ती न वाचता पंच केली आणि फाइल बंद केली. मला वाटलं, सुटले.

पहिल्याच फेरीत पहिला पसंतीक्रम मिळाला की तो घ्यावाच लागतो, पुढच्या फेऱ्या बंद होतात. मला पुणं मिळालं. म्हणजे आता पुणं, नाहीतर वर्ष फुकट. अण्णांनी मोबाइलवरचा मेसेज दोनदा वाचला आणि मला घेऊन सरळ काकांच्या ओसरीवर गेले. तिथे आणखी दोन-तीन पालक बसले होते.

"बाबू, हे काय रं झालं? सांगली पयली म्हणालो व्हतो न्हवं?"

काकांनी मोबाइल हातात घेतला. मग माझ्याकडे बघितलं. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"म्हणाला व्हतास. माझ्या हातनं चुकलं. क्रम वर-खाली झाला. डोळं आता दगा द्याया लागल्यात."

अण्णांनी मोबाइल परत घेतला. "आरं, चुकायला तुला माझीच पोरगी घावली व्हय?" एवढंच म्हणाले आणि पायऱ्या उतरले. मी त्यांच्या मागून गेले. बोलायला एक वाक्य पुरलं असतं. मी ते बोलले नाही.

आष्ट्यात बातमी पसरायला किती वेळ लागतो! बाबूला दिसत नाही, बाबूने दोस्ताच्या पोरीचा फॉर्म बिघडवला. पुढच्या वर्षी नववीची चार पोरं आली, त्याच्या पुढच्या वर्षी एक. बाकीची नेट कॅफेत जायला लागली. बावीस वर्षं पलटणीत आणि पंधरा वर्षं गावात ज्या माणसाच्या कागदात कुणाला चूक सापडली नव्हती, त्याच्या नावावर माझी चूक लागली. दुकानासमोरच्या डब्यात अण्णा आता वेल्डिंगच्या रॉडचे तुकडे टाकायला लागले. संध्याकाळी काका फिरायला निघाले की रस्त्याच्या पलीकडच्या कडेने, मान खाली घालून जायचे.

पहिल्या दिवाळीला मी त्यांच्याकडे गेले. फराळाचा डबा टेबलावर ठेवला आणि म्हणाले, "काका, त्या दिवशी मी..." त्यांनी हात वर केला. "कन्फर्म झालेला फॉर्म परत उघडत न्हाई, पोरी. कशाला बटणं दाबत बसतीस? सेमिस्टरचं सांग." मग मी सेमिस्टरचं सांगितलं. जोड का तुटतो तेही सांगितलं. लोखंड तापताना नाही, गार होताना फसतं. त्यांना ते फार आवडलं. "हे अण्णाला सांगितलंस का?" त्यांनी विचारलं, आणि लगेच फराळाच्या डब्याचं झाकण उघडायला लागले.

अण्णांना खरं सांगायचं मी दर सुट्टीत ठरवलं आणि दर सुट्टीत टाळलं. रोज आठ वाजता त्यांचा फोन यायचा, "जेवलीस का?" तो फोन बंद होईल अशी मला भीती वाटायची. मी भित्री होते, याहून चांगला शब्द मला सापडत नाही. शिक्षण संपलं, पुण्यातच नोकरी लागली. सहा वर्षं गेली.

यंदा फेब्रुवारीत आठ वाजता फोन आला, पण अण्णांनी जेवणाचं विचारलं नाही. "बाबू गेला," म्हणाले. "दुपारी. झोपेतच." मी रात्रीची गाडी पकडून आले. स्मशानात अण्णा सगळ्यांच्या मागे, कुंपणापाशी उभे होते. पुढे ये असं त्यांना कुणी म्हणालं नाही आणि ते स्वतःहून गेले नाहीत.

तिसऱ्या दिवशी राख सावडून आल्यावर दुकानात मी त्यांना सांगितलं. सगळं, फूटपट्टी, चहा, बटण, काकांनी चष्मा काढून ठेवला ते. अण्णा ऐकत राहिले. ओरडले असते तर बरं झालं असतं. "सहा वर्षं गं," ते म्हणाले. त्यांनी दुकानाचं शटर ओढलं आणि चालायला लागले. ते कुठे चाललेत हे मला न विचारता कळलं.

ओसरीवर टेबल तसंच होतं. काकू आतून आल्या, अण्णांना बघून दारातच थांबल्या. अण्णा पालकांसाठी ठेवलेल्या बाकावर बसले आणि मला म्हणाले, "काकूला सांग." मी दुसऱ्यांदा सगळं सांगितलं. काकूंनी मान हलवली.

"मला ठावं हाय. ह्या माणसानं जन्मात चहा केला न्हाई. त्या दिवशी आत आले आन् इचारत्यात, साखर कुठं असती? म्हटलं, सरा, मी करते. तर म्हणाले, नगं. मला जरा येळ लावायचाय."

मला काकांच्या हातातले ते दोन कप दिसले. इतकी वर्षं मला वाटत होतं की मी त्यांना फसवलं.

अण्णा काकूंकडे वळले. "मग मला का न्हाई सांगितलं त्यानं? मी काय खाल्लं असतं का त्याला?"

"मीबी हेच म्हणायची, आवं, एकदा सांगून टाका," काकू म्हणाल्या. "तर म्हणायचे, सांगितलं तर त्यो पोरीशी बोलायचा बंद हुईल. माझ्याशी न बोललेलं चालंल. दोस्त दुसरा मिळंल त्याला, पोरगी एकच हाय."

अण्णा बाकावर बसून राहिले. काकूंनी आणलेला चहा त्यांनी हातात धरला तो तसाच गार झाला. सहा वर्षांत त्यांना दुसरा कुणी मिळाला नव्हता, आणि बाबूकाकांनाही.