रिकाम्या अ‍ॅरेची टीप

डॉक्युमेंटेशन लिहायचं काम कुणालाच आवडत नाही, म्हणून ते माझ्या गळ्यात पडलं. कोळारच्या एका गोदामात मी डेटाबेस सांभाळते. तिथल्या ट्रक ड्रायव्हरांचे नखरे एखाद्या नवरदेवाला लाजवतील असे. कुणाला बाजाराच्या गर्दीमुळे औराद नको, कुणाला चेकनाक्याचा रस्ता नको. म्हणून प्रत्येकाच्या नोंदीत 'नकोत' नावाचा एक अ‍ॅरे ठेवलाय, म्हणजे नको असलेल्या रस्त्यांच्या पॅटर्नची यादी. त्यात 'मुडबी%' लिहिलं की 'मुडबी' या नावानं सुरू होणारा कुठलाच रस्ता त्या ड्रायव्हरला द्यायचा नाही. सकाळी क्वेरी, म्हणजे डेटाबेसला विचारलेला प्रश्न, त्या दिवसाचा रस्ता यादीतल्या एकेका पॅटर्नशी ताडून बघते. एकाशीही जुळला नाही तर ड्रायव्हर मोकळा, आणि त्याच्या फोनवर आपोआप मेसेज जातो: गाडी तयार आहे, या. जो आधी येईल त्याला गाडी. मेसेज कुणाकुणाला गेला हे कुणी बघत नाही.

'मुडबी%' हा पॅटर्न माझ्या थोरल्या भावाचा, अण्णाचा. मुडबी त्याची सासुरवाडी. "सासऱ्याच्या दारावरनं ट्रक नेला की जेवल्याबिगर सोडत न्हाईत. माल कवा पोचायचा?" असं तो म्हणायचा, आणि सगळं ऑफिस हसायचं.

गेल्या पावसाळ्यानंतर अण्णा तापानं गेला. आमच्या गोदामात माणूस वारला तरी त्याचं नाव वर्षश्राद्ध होईपर्यंत कापत नाहीत. पूर्वी वहीत ही रीत होती, आता डेटाबेसमध्येही आहे. मुनीमकाकांनी त्याची नोंद तशीच राहू दिली, फक्त 'नकोत' रिकामी केली. "आता त्याला कोणता रस्ता नको म्हणायचाय, बाई?" असं ते मला म्हणाले. केलं ते मायेपोटीच.

डॉक्युमेंटेशनमधली टीप लिहिताना प्रत्येक उदाहरण चालवून बघावं लागतं. मुडबीच्या रस्त्याला कोण मोकळं आहे, असं मी विचारलं. पडद्यावर अण्णाचं नाव आलं. औराद विचारलं, पुन्हा अण्णा. कुठलाही रस्ता विचारा, अण्णा हजर. भरदिवसा माझ्या अंगावर काटा आला. कारण साधं होतं. यादी रिकामी असली की ताडून बघायला काहीच नसतं, आणि डेटाबेस समजतो की एकही पॅटर्न जुळला नाही. रिकामी यादी प्रत्येक परीक्षेत पास होते. हे मला पाठ आहे, तरी काटा काही गेला नाही. माझा भाऊ मेल्यावर सगळ्या रस्त्यांनी हिंडत होता.

मग आठवलं, त्याचा फोन वहिनीकडे आहे. ती तेव्हापासून माहेरी, मुडबीलाच असते. म्हणजे इतके महिने रोज सकाळी तिच्या हातातल्या फोनवर तो मेसेज पडत होता. मला रडू आलं आणि रागही आला. या बाईनं एकदा तरी ओरडायचं ना आमच्यावर! मी क्वेरीत अट वाढवली की हयात नसलेल्यांना वगळा, टीप पुरी केली आणि दुसऱ्या दिवशी माफी मागायला मुडबीला गेले.

वहिनी ओसरीवर शेंगा फोडत होती. शेजारी अण्णाचा फोन चार्जिंगला लावलेला.

"वहिनी, ते मेसेज..." मी सुरुवात केली.

"रोज यायचा की," ती म्हणाली. "आला की मी मनातल्या मनात म्हणायची, निघाले हे. मग कामाला लागायची." तिनं फोनकडे पाहिलं. "आज कामून आला न्हाई, ताई?"

जे थांबवल्याबद्दल ती मला दुवा देईल असं वाटलं होतं, तेवढंच तिच्याकडे उरलेलं होतं, आणि तेही मी काढून घेतलं होतं.

तिनं माझ्या तोंडाकडे पाहिलं. मग फोनची पिन काढून ठेवली.

"पोचले असतील," ती म्हणाली, आणि मला जेवल्याशिवाय सोडलं नाही.